बाखच्या अंगाईची पट्टी, लय आणि मूड

मी जे म्युझिक ॲप वापरते त्यात हल्ली प्रत्येक ट्रॅकखाली तीन गोष्टी दिसतात: की, टेम्पो आणि मूड. पार्टीची प्लेलिस्ट लावायची असेल तर कामाचं आहे ते, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना धक्का बसत नाही. पण परवा मी अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखचा ८२ नंबरचा कँटाटा लावला (कँटाटा म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीची, अनेक भागांची गायनाची रचना), लॉरेन हंट लीबरसन या अमेरिकन गायिकेने गायलेला, आणि त्यातल्या मधल्या आरियाखाली, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्याखाली, लिहिलेलं होतं ई फ्लॅट मेजर, मग एक बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याचा, आकडा, आणि मूड 'सॅड'. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर केलेलं याच आरियाचं दुसरं रेकॉर्डिंग उघडलं तर तिथे डी मेजर, आणि बीपीएम जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या एकात सी मायनर (मेजर आणि मायनर हे तिकडचे सप्तकाचे दोन साचे). रचना एकच, लिहिणारा एकच, आणि तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या गोष्टी. यातली प्रत्येक गोष्ट कुठून येते ते सांगायला लागलं की या आरियाबद्दलच खूप काही सांगून होतं, आणि या आरियावर माझा फार जीव आहे, म्हणून ही पोस्ट. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

आधी गाणं काय आहे ते. कँटाटाचं नाव "इष हाबे गेनुग", म्हणजे मला पुरे झालं, बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर) ८२, लायप्झिगमध्ये २ फेब्रुवारी १७२७ ला पहिल्यांदा झाला. २ फेब्रुवारी म्हणजे नाताळपासून चाळिसावा दिवस, बाळ येशूला जेरुसलेमच्या मंदिरात नेलं त्याचा सण. लूकच्या शुभवर्तमानात ती गोष्ट येते. मंदिरात शिमोन नावाचा माणूस असतो, परंपरेने त्याला म्हाताराच समजतात, त्याला वचन मिळालेलं असतं की ख्रिस्ताला बघितल्याशिवाय तुला मरण येणार नाही. तो बाळाला हातात घेतो आणि म्हणतो की देवा, आता मला शांतपणे जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी बघितलं. बस, एवढीच गोष्ट. कँटाटाचे शब्द कुणाचे हे कित्येक वर्षं माहीत नव्हतं, २०१५ च्या सुमारास संशोधनातून कळलं की ते क्रिस्टोफ बिर्कमान नावाच्या विद्यार्थ्याचे आहेत, तो तेव्हा लायप्झिगमध्ये शिकत होता. म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडचे हे शब्द विशीतल्या पोराने लिहिलेत, आणि काय लिहिलेत!

कोरस नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं स्तोत्रही नाही. एक गायक, एक ओबो, व्हायोलिन-व्हियोलाचा छोटा ताफा आणि खाली बेसची साथ. पाच भाग: आरिया, मग बोलल्यासारखं गायचा रेसिटेटिव्ह, मग मधली आरिया, परत रेसिटेटिव्ह, शेवटची आरिया. सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर. पहिली आरिया सी मायनरमध्ये, मधली ई फ्लॅट मेजरमध्ये, शेवटची परत सी मायनर. मधली आरिया म्हणजे "श्लुमर्ट आइन", आणि ती चक्क अंगाई आहे. थकलेल्या डोळ्यांनो, मिटा आता, हळूच मिटा, असं गाणारा स्वतःच्याच डोळ्यांना सांगतोय, आणि ही झोप म्हणजे मरण आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.

आता पट्टीचं बघू. आपल्याकडे गायक बसला की पेटीवाल्याला सांगतो काळी एक किंवा पांढरी चार, आणि त्या दिवशी तोच सा. दुसऱ्याची पट्टी वेगळी, राग तोच. त्यामुळे एकच चीज दोन पट्ट्यांत ऐकली तर आपल्याला काहीच वाटत नाही, पण वेस्टर्न क्लासिकलमध्ये की रचनेच्या नावातच लिहिलेली असते म्हणून आपण धरून चालतो की तिथे ती दगडावरची रेघ. तशी ती नाहीये. हंट लीबरसनच्या रेकॉर्डिंगबरोबर मी पेटीवर काळी दोन धरली आणि ती बरोबर बसली, म्हणजे ई फ्लॅट. जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगला तीच काळी दोन बोचायला लागली आणि पांढरी दोन धरली की सगळं जागेवर. कारण आजचा ए हा सूर ४४० हर्ट्झचा धरतात, तो १९३९ साली लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला. बरोक, म्हणजे बाखच्या काळचं, संगीत तेव्हाच्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे लोक मात्र ए ४१५ ला लावतात, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली. ४१५ हा आकडासुद्धा विसाव्या शतकातली सोय आहे, बरोबर एक सेमीटोन खाली येतो म्हणून सगळ्यांनी धरला, बाखच्या वेळी गावागणिक ए वेगळा असायचा. त्यामुळे कागदावर ई फ्लॅट मेजर लिहिलेली आरिया कानाला डी मेजर येते, आणि ॲपला कागद दिसत नाही, त्याला फक्त आवाज कळतो. त्याच्या परीने तो बरोबरच सांगतोय.

याच्यापुढची गंमत मला फार आवडते. लायप्झिगमध्ये चर्चचे ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर चढे होते. मग ऑर्गनवाल्यासाठी वेगळा कागद काढायचे, एक स्वर खाली उतरवलेला. म्हणजे सी मायनरचा कँटाटा असेल तर व्हायोलिनवाल्यासमोर सी मायनर आणि ऑर्गनवाल्यासमोर बी फ्लॅट मायनर, त्याच चर्चमध्ये, त्याच क्षणाला, आणि ऐकू मात्र सगळं एकच येतंय. मग खरी की कुठली? मला विचाराल तर हा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाही नसेल.

सी मायनर असं जे तिसऱ्या ठिकाणी आलं होतं त्याचं कारण वेगळं आहे. सॉफ्टवेअर काय करतं तर पूर्ण ट्रॅकमध्ये बारा स्वरांपैकी कुठला किती वाजला ते मोजतं आणि मग तो साचा मेजर-मायनरच्या ठरलेल्या साच्यांशी जुळवून बघतं. ई फ्लॅट मेजर आणि सी मायनर यांचे सातही स्वर तेच आहेत, फरक फक्त मुक्काम कुठे आहे याचा. त्यात ही आरिया मधल्या भागांत इकडेतिकडे फिरून येते, तेव्हा मोजणी करणाऱ्याचा गोंधळ होणारच. स्वर तेच आणि न्यास बदलला की सगळंच बदलतं, हे आपल्याकडे रागदारी शिकणाऱ्या पोरांना पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कळतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाखनेच पट्टी बदलली. १७२७ मध्ये बास, म्हणजे पुरुषाच्या खालच्या आवाजासाठी सी मायनरमध्ये लिहिलं, १७३१ च्या सुमारास तेच सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजासाठी ई मायनरमध्ये केलं आणि ओबो काढून तिथे बासरी आणली, नंतर परत सी मायनरमध्ये मेझो-सोप्रानोसाठी, म्हणजे त्याहून जरा खालच्या आवाजासाठी, आणि १७४० च्या दशकात पुन्हा बाससाठी. त्याच्या बायकोची, ॲना माग्दालेनाची, १७२५ साली सुरू केलेली एक वही आहे, घरात वाजवायच्या-गायच्या गोष्टी उतरवून घ्यायची, ती स्वतः शिकलेली, दरबारात नोकरी केलेली गायिका होती. त्या वहीत ही अंगाई आहे, जी मेजरमध्ये. म्हणजे पांढरी पाच. शेकडो रचना हाताखालून गेलेल्या त्या घरात ही एक आरिया घरगुती वहीत उतरवून घ्यावीशी वाटली, यातच सगळं आलं.

मग की ला काही अर्थच नाही का? आहे, नक्की आहे, पण मूडच्या यादीत असतो तसा नाही. हँबुर्गच्या योहान माटेसॉनने १७१३ मध्ये एकेका कीचा स्वभाव लिहून ठेवलाय. सी मायनर म्हणजे अतिशय गोड, पण दुःखीही, असं तो म्हणतो, आणि ई फ्लॅट मेजर म्हणजे गंभीर आणि व्याकूळ विषयांसाठीच. मेजर म्हणजे हॅपी हे समीकरण त्याच्याकडे नाहीच बघा. त्या काळी वाद्यं आजच्यासारखी सगळे सेमीटोन एकसारखे ठेवून लावायचे नाहीत, त्यामुळे काही कीज गोड लागायच्या, काही थोड्या खरखरीत, म्हणून असं लिहिण्याला जागा होती. आजच्या पियानोवर तो फरक पुसला गेलाय.

माझ्या कानाला पट्टीचा खरा परिणाम गळ्यात कळतो. हान्स हॉटरचं १९५० चं रेकॉर्डिंग घ्या, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचं, अँथनी बर्नार्ड कंडक्टर. हॉटर म्हणजे वाग्नरच्या ऑपेरात देवांचा राजा व्होटान गाणारा माणूस, केवढा तरी मोठा आवाज, आणि इथे तो तो आवाज असा आवरून धरतो की वाटतं शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय. हंट लीबरसन त्याच कीमध्ये गाते, पण ती मेझो, म्हणजे साधारण एक सप्तक वर. ॲपला दोन्हीकडे ई फ्लॅट मेजर. पण हॉटरकडे तेच स्वर छातीतून येतात आणि हिच्याकडे गळ्याच्या मधल्या, सगळ्यात माणसासारख्या भागातून, तिथे ना जोर लावायला लागतो ना उंच चढायला लागतं, जवळजवळ बोलणंच. एमा कर्कबीचं ई मायनरवालं रेकॉर्डिंग आहे फ्रायबुर्गर बरोक ऑर्केस्ट्राबरोबर, तिथे बासरी आणि सोप्रानो दोघंही हलके, पारदर्शक, आणि अचानक तो शिमोन म्हातारा राहतच नाही. मूड बदलला का? हो, पण मेजर-मायनर काही बदललं नाही, आवाज शरीरात कुठे बसला ते बदललं.

टेम्पोकडे येते. बाखने या अंगाईवर लयीचा एक शब्दही लिहिलेला नाही. शेवटच्या आरियावर "विवाचे" असं लिहिलंय, म्हणजे चैतन्याने, पण इथे काही नाही, त्यामुळे कुणी ती सात मिनिटांच्या आसपास गातं आणि कुणी दहाच्या घरात नेतं, आणि दोन्ही पटू शकतं. पण ॲपचा बीपीएम दुप्पट-निम्मा का होतो त्याचं कारण रचनेतच आहे, आणि तेच मला या आरियातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

सुरुवात ऐका. खाली बेस ई फ्लॅटवर बसलेला आहे, तोच स्वर परत परत, आपल्या षड्जासारखा, हलत नाही. वर व्हायोलिनची सुरावट ठोक्यावर पडतच नाही, ठोक्याच्या थोडी आधी येते आणि ठोका गेला तरी धरून राहते, झोप यायला लागल्यावर मान जशी लवते तशी. त्यात अगदी सुरुवातीलाच एक डी फ्लॅट येतो. ई फ्लॅट सा धरला तर हा कोमल निषाद. मेजर म्हटलं की शुद्ध निषाद पाहिजे, तो वर सा कडे ओढतो, जागं ठेवतो. बाख तिथे कोमल लावतो आणि सगळी सुरावट वर जायच्या ऐवजी खाली मध्यमाकडे कलते. मी हे पेटीवर करून बघितलंय, आधी शुद्ध नी लावून आणि मग कोमल. शुद्ध लावला की गाणं डोळे उघडतं. एका स्वराचा फरक, बाकी सगळं तेच.

आणि मग ते थांबे. "फालेट झान्फ्ट", म्हणजे हळूच मिटा, या ओळीच्या आसपास बाखने स्वरावर थांबायची खूण लिहिलीय, एकदा नाही, अनेकदा. तिथे लय थांबते. पूर्ण थांबते. किती वेळ थांबायचं ते गाणाऱ्याने ठरवायचं. डोळा लागला असं वाटतं, मग परत सुरू होतं, परत थांबतं. मुख्य ओळ आरियात तीनदा येते, मधे दोनदा वेगळा भाग येऊन, त्यामुळे हे थांबे परत परत भेटतात आणि दर वेळी तुम्हाला खात्री नसते की पुढचा स्वर येईल की नाही. बीपीएम काढणारं सॉफ्टवेअर ठराविक अंतराने येणारे ठोके शोधत असतं, त्याने काय करायचं इथे? ठोक्यावर न पडणारी सुरावट, स्थिर बेस, मधेच शांतता. ते कधी बेसचे ठोके मोजतं, कधी त्याच्या दुप्पट, आणि सरासरी काढून एक आकडा देतं, आणि तो आकडा प्रत्यक्षात एकाही मात्रेला लागू होत नाही.

हंट लीबरसनच्या रेकॉर्डिंगची लय म्हणजे मला तरी हे थांबेच वाटतात. ती मंद गाते, खूप मंद, पण मंद गाणं सोपं आहे, कुणीही मंद गाऊ शकतं आणि पाच मिनिटांत ऐकणाऱ्याला कंटाळा आणू शकतं. ती काय करते तर थांब्याच्या आधीच्या स्वरावर आवाज इतका कमी करत नेते की तो नेमका कुठे संपला ते कळत नाही, कंप काढून टाकते, अगदी सरळ स्वर, आणि मग पुढची ओळ श्वास घेतल्याची जाणीव न होता सुरू होते. ती आधी बरीच वर्षं व्हियोला वाजवायची, गाण्याकडे नंतर वळली. मला कायम वाटतं की तिचं हे ओढणं गळ्यापेक्षा गजाचं आहे, गजाने स्वर सोडताना वजन जसं हळूहळू काढतात तसं. साथीला बॉस्टनचे इमॅन्युएल म्युझिकचे लोक आहेत, क्रेग स्मिथ कंडक्टर. ही मंडळी १९७० पासून तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये रविवारच्या उपासनेचा भाग म्हणून बाखचे कँटाटा वाजवतात, मैफल म्हणून नाही, त्या त्या रविवारचा कँटाटा म्हणून, लायप्झिगमध्ये जसं व्हायचं तसं. ते ऐकू येतं. कुणीही काही दाखवायला वाजवत नाहीये. ती थांबली की तेही थांबतात, आणि एकत्रच परत निघतात, अशा साथीला किती वर्षं एकत्र काढावी लागतात हे आपल्याकडे तबलजीबरोबर गाणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि आता मूड. 'सॅड'.

इथे माझं खरं भांडण आहे. काही सर्व्हिसेस गाण्याला शून्य ते एक अशा पट्टीवर आनंदाचा आकडा देतात, मंद लय, कमी आवाज, बारीक साथ म्हटलं की आकडा शून्याकडे. पण हा कँटाटा त्या पट्टीवर बसतच नाही, बाखने तो तसा रचलाच नाही. बघा ना, मरणाची अंगाई मेजरमध्ये आहे. आणि शेवटची आरिया, "इष फ्रॉये मिष आउफ माइनेन टोड", म्हणजे मला माझ्या मरणाची आतुरता आहे, आनंद आहे, ती मायनरमध्ये, तीनच्या चालीत, पळत, नाचत. "फ्रॉये" म्हणजे आनंदाच्या त्या शब्दावर लांबलचक ताना. मायनर म्हणजे दुःख असं धरलं तर हे गाणं सुरूच होऊ शकत नाही. दोन्हीच्या मधे एक छोटा रेसिटेटिव्ह आहे, त्याच्या शेवटी तो म्हणतो, हे जगा, शुभरात्री. एवढंच, साधं, दार ओढून घेताना म्हणावं तसं. जगाचा निरोप घेऊन समाधानाने निघालेला भक्त मराठी माणसाला काही नवा नाही, आपले अभंग भरलेत त्याने, त्यामुळे मला वाटतं हे आपल्याला युरोपातल्या आजच्या श्रोत्यापेक्षाही पटकन कळायला हवं. आपल्याकडे शांत रस आणि करुण रस वेगळे मानलेत. करुण रसात काहीतरी गेलेलं असतं. शांत रसात काही मागायचं उरलेलं नसतं. ही अंगाई शांत रसाची आहे आणि ॲपकडे त्यासाठी खणच नाही.

पण म्हणून ती दुःखापासून लांब आहे असंही नाही. बाखचे आई-वडील तो दहा वर्षांचा होईपर्यंत गेले. १७२० मध्ये तो मालकाबरोबर कार्ल्सबादला गेला होता आणि परत आला तर पहिली बायको मारिया बार्बरा वारलेली, पुरलेलीसुद्धा. ॲना माग्दालेनाची पहिली मुलगी १७२६ च्या जूनमध्ये गेली, तीन वर्षांची, हा कँटाटा पुढच्या फेब्रुवारीचा. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाहीये, बाखला त्या सणासाठी कँटाटा द्यायचाच होता, नोकरी होती ती. पण ज्या घरात ही अंगाई वहीत उतरवली गेली त्या घराला मरण आणि अंगाई दोन्ही रोजच्या ओळखीचे होते. १७२७ च्याच एप्रिलमध्ये गुड फ्रायडेला बाखचं मॅथ्यू पॅशन, येशूच्या मरणाची गोष्ट सांगणारी मोठी रचना, झालं, आणि त्यातल्या "एर्बार्मे डिष" या आरियाची सुरुवात आणि या कँटाटाच्या पहिल्या आरियाची सुरुवात सख्ख्या बहिणींसारखी आहे, खालून एकदम सहा स्वरांची उडी वर आणि मग हळूहळू खाली येणं. पॅशनमध्ये पश्चात्तापाने रडणारा माणूस आहे, इथे सगळं मिळालेला. उडी तीच.

२००१ मध्ये दिग्दर्शक पीटर सेलर्सने हा कँटाटा रंगमंचावर आणला, त्यात हंट लीबरसन हॉस्पिटलचा गाऊन घालून, पायात जाड मोजे, अंगाला नळ्या, अशी गायची. रेकॉर्डिंग त्यानंतरचं, नॉनसच या कंपनीने २००३ मध्ये काढलं. २००६ च्या जुलैमध्ये ती गेली, कॅन्सरने, ५२ वर्षांची. आता हे माहीत झाल्यावर ते रेकॉर्डिंग ऐकणं वेगळं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकते तेव्हा एक गोष्ट दर वेळी जाणवते, ती रडत नाही. आवाज कुठेही फुटत नाही, कुठेही हुंदका घातलेला नाही. मधल्या भागात, इथे दैन्य आहे पण तिथे, तिथे मला गोड शांती दिसेल, अशी ओळ आहे, "तिथे" हा शब्द दोनदा, आणि दुसऱ्या "तिथे"ला ती आवाज जरासा उघडते. बस, तेवढंच. आणि लगेच परत मुख्य ओळ. अशी बाई जर दुःखी वाटत असेल तर ते दुःख ऐकणाऱ्याचं आहे, आणि ते असू दे की, पण त्याचं लेबल गाण्याला लावू नका.

बाकी रेकॉर्डिंग्जबद्दल थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच. गायक फिशर-डिस्काऊचं १९५१ चं, कंडक्टर रिस्टेनपार्टबरोबरचं, आवाज तरुण आणि शब्द इतके स्वच्छ की जर्मन न येताही ओळ कुठे मोडते ते कळतं, त्याचं पुढचं रिष्टरबरोबरचं मला जरा शिकवल्यासारखं वाटतं. पीटर कोयने कंडक्टर हेरेवेगेबरोबर केलेलं जुन्या वाद्यांवरचं आहे, तिथे ओबोचा तो थोडा बोथट, लाकडी आवाज ऐकण्यासारखा आहे. हल्ली काही लोक अंगाई फार भरभर गातात, नाचाची लय म्हणून, त्याला इतिहासाचा आधार असेलही पण थांबे घाईत उरकले की माझ्यासाठी ते गाणं संपलं.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर मधली आरिया एकटी काढून ऐकू नका, शफलवर तर मुळीच नको. पहिल्या आरियाचा सी मायनर कानात मुरला पाहिजे, मग रेसिटेटिव्ह, मग ई फ्लॅट येऊ दे, म्हणजे तो कसा मोकळा होतो ते कळेल, आणि शेवटची आरिया संपेपर्यंत हेडफोन काढू नका. आधी हंट लीबरसन, मग हॉटर, दोन्ही काळी दोन. कर्कबीची ई मायनरवाली शेवटी ठेवा, त्यात अंगाई लिहिलीय जी मेजरमध्ये पण ४१५ मुळे पेटीवर काळी तीन लागेल, आणि तिथे ओबो नाही, बासरी आहे.